गाणारा आणि पुढे उभा राहणारा

ऑर्केस्ट्राच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या सीझनलाच कळते. गाणारा वेगळा आणि पुढे उभा राहणारा वेगळा. गळा सुरेल, पट्टी पक्की, तालाला चूक नाही, पण स्टेजवर आला की डोळे वहीत आणि पाय जागच्या जागी. असे गायक मी मिक्सरमागे बसून ढिगाने पाहिलेत. उलट एखादा गडी बेताचाच गातो, पण 'काय मंडळी, जागे आहात ना?' एवढंच म्हणाला की जत्रेतली मागची रांगसुद्धा जिलेबीचा पुडा खाली ठेवते. सुपारी ठरवताना मॅनेजर दुसऱ्याला दोन पैसे जास्त देतो आणि पहिला त्यावर जन्मभर कुढतो. दोन्ही गुण एकाच माणसात असण्याचा योग फार क्वचित येतो. आणि दुसरा गुण उपजत असतो, शिकून येत नाही, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. मला ते पटत नाही. त्याचं कारण फ्रेडी मर्क्युरी, क्वीन या रॉक बँडचा गायक.

मी वाईचा. पसरणीचा घाट चढला की पाचगणी. त्यामुळे 'तो आपल्या पाचगणीचा' हे वाक्य मी चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे ऐकलंय. या अभिमानाचं मला विशेष कौतुक नाही. माणूस जन्मला झांझिबारमध्ये, घडला लंडनमध्ये, गाजला जगभर. गाजल्यावर भारतात त्याचा एकही कार्यक्रम झाला नाही आणि इथल्या दिवसांबद्दल तो मुलाखतींतून फारसा बोललाही नाही. पण पाचगणीची जी गोष्ट अभिमान सांगणाऱ्यांच्या तोंडी नसते, तीच मला महत्त्वाची वाटते. पाचगणीत तो मुख्य गायक नव्हता. कडेला बसून पियानो वाजवायचा.

जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारच्या स्टोन टाउनमधला. नाव फरोख बुलसारा. घर पारशी, घराण्याचं मूळ गुजरातेतल्या बलसाडचं. वडील बोमी हे ब्रिटिश सरकारच्या कचेरीत कॅशियर, आईचं नाव जेर, आणि सहा वर्षांनी धाकटी बहीण कश्मिरा. मुलगा आठेक वर्षांचा झाल्यावर त्याला समुद्रापार भारतात शिकायला पाठवलं. शाळा पाचगणीची सेंट पीटर्स, राहणं वसतिगृहात. सुट्टीत मुंबईला आजी आणि मावशी-आत्यांकडे जायचं; झांझिबारला आई-वडिलांकडे जाणं क्वचित. इंग्रजांच्या धर्तीवर चालणाऱ्या या शाळेत मुलांनी त्याला फ्रेडी म्हणायला सुरुवात केली. वरचे दात पुढे आलेले, म्हणून 'बकी' हे दुसरं नावही चिकटलं. ते त्याला अर्थातच आवडत नव्हतं. मुलगा बॉक्सिंग खेळायचा, टेबल टेनिस चांगलं खेळायचा, चित्रं काढायचा. पण मुख्याध्यापकांच्या नजरेत भरलं ते त्याचं संगीताचं अंग. त्यांनी घरी पत्र लिहून कळवलं की थोडी जादा फी भरलीत तर याला पियानो नीट शिकवता येईल. कॅशियरच्या पगारातून ती जादा फी भरली गेली. माझ्या मते त्या घराने केलेली ही सर्वांत चांगली गुंतवणूक.

बाराव्या-तेराव्या वर्षी पाच मुलांनी मिळून बँड काढला, नाव 'द हेक्टिक्स'. पुढे गाणारा होता ब्रूस मरे. गिटार डेरिक ब्रांच, ड्रम व्हिक्टरी राणा, आणि चहाच्या खोक्याला दांडी-दोरी लावून केलेला बेस वाजवायचा फरंग इराणी. पियानोवर फ्रेडी. क्लिफ रिचर्ड, लिट्ल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी शाळेच्या समारंभात वाजायची आणि शेजारच्या मुलींच्या शाळांमधून आलेलं पब्लिक किंचाळायचं. रेडिओवर एकदा ऐकलेली चाल फ्रेडी लगेच पियानोवर काढायचा, असं त्याचे सोबती सांगत आले. त्याच्यावरच्या सुरुवातीच्या संस्कारांत चरित्रकार लता मंगेशकरांचंही नाव घेतात, आणि साठच्या आसपास मुंबईत सुट्ट्या घालवणाऱ्या मुलाच्या कानावर दुसरं काय पडणार? या पाच जणांचं पुढे जे झालं तेही ऐकण्यासारखं आहे. राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख राहिला. ब्रांच इंग्लंडमध्ये नट झाला. इराणींचं पुण्यातलं सिझलर्सचं हॉटेल जुन्या पुणेकरांना ठाऊक असेल. आणि जो पियानोवर कडेला बसायचा, तो जगातला सर्वांत मोठा पुढे उभा राहणारा झाला.

शाळा सोडून तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली, सुलतान पळाला, अरब आणि आशियाई माणसांच्या कत्तली झाल्या. बुलसारा कुटुंब हाताला लागेल ते घेऊन इंग्लंडला आलं आणि लंडनच्या पश्चिमेला, विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये एका लहान घरात राहू लागलं. आज त्या घरावर निळी स्मृतिपाटी आहे. फ्रेडीने विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम केलं, ईलिंगच्या कला महाविद्यालयातून १९६९ मध्ये ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली आणि केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकायचा गाळा चालवला. गाळ्यातला भागीदार होता रॉजर टेलर, पुढे क्वीनचा ड्रमर.

आता माझ्या मुद्द्याचा भाग. ईलिंगमधला त्याचा वर्गमित्र टिम स्टॅफेल 'स्माइल' नावाच्या बँडमध्ये गायचा. गिटारवर ब्रायन मे, ड्रमवर टेलर. फ्रेडी त्यांच्या मागेमागे कार्यक्रमांना जायचा आणि सल्ले द्यायचा: कपडे असे घाला, लोकांकडे असं बघा, मी तुमचा गायक असतो तर दाखवलं असतं. आमच्या धंद्यात असे सल्लागार प्रत्येक कार्यक्रमाला दोन-चार असतात. त्यांना चहा पाजून वाटेला लावायचं असतं. पण हा माणूस स्वतःही वेगवेगळ्या बँडमधून गाऊन बघत होता. आयबेक्स झालं, सावर मिल्क सी झालं, कुठेच टिकलं नाही. आवाज दणदणीत पण लगाम नसलेला. टेलरने नंतर गमतीने सांगितलं की तो आवाज तेव्हा एखाद्या जोरदार बेंबटणाऱ्या मेंढीसारखा होता. १९७० मध्ये स्टॅफेल बँड सोडून गेला आणि सल्लागाराला माइक मिळाला. बँडचं नाव 'क्वीन' त्याने ठेवलं, स्वतःचं आडनाव मर्क्युरी केलं, आणि पुढे चौघांच्या राशींवरून दोन सिंह, एक खेकडा आणि दोन पऱ्या घेऊन बँडचं चिन्हही रेखाटलं. ग्राफिकची पदविका कामाला आली. बेस वाजवायला जॉन डीकन १९७१ मध्ये आला आणि चौकडी पुरी झाली. ही चौकडी वीस वर्षं बदलली नाही. ऑर्केस्ट्रावाल्यांना विचारा, वादक दोन सीझन टिकवणं किती अवघड असतं.

त्याच्या हातातल्या माइकच्या दांडीबद्दल लिहायलाच हवं. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात स्टँडचं जड बूड निखळलं आणि वरचा अर्धा दांडा हातात राहिला. दुसरा कुणी असता तर त्याने साउंडवाल्याला शिव्या घातल्या असत्या. याने तो अर्धा दांडाच कायमचा ठेवला. तो पुढे कधी त्याची गिटार झाला, कधी काठी, कधी राजदंड. धंद्याच्या नजरेने बघा: पूर्ण स्टँड गायकाला एका जागी बांधून ठेवतो आणि नुसता माइक हातात घेतला की दुसऱ्या हाताचं काय करायचं ते सुचत नाही. अर्ध्या दांड्याने दोन्ही प्रश्न मिटले. पण माइक असा हवेत फिरवणं साउंडवाल्याला घाम फोडणारं काम असतं. माइकचं तोंड चुकून स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरकडे वळलं की शिट्टी मारलीच. फ्रेडी बहुतेक वर्षं श्यूअर कंपनीचा ५६५ हा माइक वापरायचा. हा माइक समोरचं ऐकतो आणि मागच्या बाजूचं बरंचसं सोडून देतो. त्याच्या चित्रफिती मी आवाज बंद करून बघितल्यात. दांडा आकाशात, पाठीमागे, पायांत, कुठेही गेला तरी गायची वेळ आली की माइक नेमका ओठांशी, आणि मोठा सूर लावताना नेमका वीतभर लांब. हे अंगात येण्यासाठी किती तालीम लागते ते आम्हाला विचारा.

आता 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', १९७५ चं. त्यावर इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात उरकतो. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद, ध्रुवपद नाही, मध्येच ऑपेराचा भाग, मग दणदणीत रॉक, मग परत शांत. कंपनीचं म्हणणं, एवढं लांब गाणं रेडिओवर कोण वाजवणार? केनी एव्हरेट नावाच्या निवेदकाने ते आपल्या कार्यक्रमात पुन्हा पुन्हा वाजवलं आणि मग ब्रिटनच्या यादीत ते नऊ आठवडे पहिलं राहिलं. मला यातलं काम सांगायचंय. ऑपेराच्या भागातला तो प्रचंड समूह म्हणजे तीनच माणसं: फ्रेडी, मे आणि टेलर. २४ ट्रॅकच्या टेपवर गायचं, ते आवाज एकत्र करून कमी ट्रॅकवर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुन्हा गायचं, असं दिवसामागून दिवस. टेप मशीनच्या हेडवरून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा थर झिजून आरपार उजेड दिसायला लागला, असं सांगतात. आज कॉम्प्युटरवर पाचशे ट्रॅक उघडता येतात आणि तरी गाणं पातळच होतं. फ्रेडीच्या डोक्यात आधीपासून पूर्ण नकाशा होता. प्रत्येक आवाज कुठे बसणार ते तो पियानोवर वाजवून दाखवायचा. हा भाग स्टेजवर गाता येणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी काय करावं? ऑपेरा आला की चौघं सरळ स्टेजवरून निघून जायचे, टेप वाजायची, दिवे नाचायचे, आणि रॉकचा भाग सुरू होताच परत यायचे. ट्रॅकवर ओठ हलवून पब्लिकला फसवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

१९७७ मध्ये वळण आलं. इंग्लंडमधल्या एका कार्यक्रमानंतर बँड निघून गेला तरी लोक आपल्या मनाने समूहगान गात राहिले. त्यावरून मे आणि मर्क्युरी दोघांनाही वाटलं, लोकांना गाण्यात घेतलं पाहिजे. मेने 'वी विल रॉक यू' लिहिलं: दोन वेळा पाय आपटायचे, एक टाळी. दाटीत उभ्या माणसाला एवढंच करता येतं, म्हणून एवढंच. फ्रेडीने 'वी आर द चॅम्पियन्स' लिहिलं, आणि ते अशा पट्टीत आणि अशा लयीत बसवलं की खुर्चीवरचा माणूस आपोआप उठून डोलू लागतो. इथून पुढे क्वीनच्या कार्यक्रमात गाणारे चार उरले नाहीत. मार्च १९८१ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोत एका रात्री १ लाख ३१ हजार लोक जमले. भाषा पोर्तुगीज, गाणं इंग्रजी. 'लव्ह ऑफ माय लाइफ' आलं की फ्रेडी गायचा थांबायचा, दांडा खाली धरायचा आणि पब्लिक पूर्ण कडवं गायचं. पुढे उभं राहण्यातली ही वरची पायरी: कधी गप्प बसायचं ते कळणं.

सगळं सोनंच होतं असं नाही. १९८२ चा 'हॉट स्पेस' हा अल्बम डिस्कोच्या नादात फसला. मला तो आजही ऐकवत नाही. आणि १९८४ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीत त्यांनी कार्यक्रम केले. जगभरच्या कलाकारांनी बहिष्कार घातलेला असताना. समोर सगळ्या वर्णांचे लोक होते, आम्ही राजकारण करत नाही, असं बँडने सांगितलं. ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेने दंड केला. स्वतः वसाहतीतून, क्रांतीतून उठून आलेल्या माणसाला तिथला फरक कळत नव्हता असं मी म्हणणार नाही. इथे मी त्याची बाजू घेत नाही.

त्या दौऱ्यानंतर वर्षाच्या आत, १३ जुलै १९८५ ला, लंडनच्या वेम्बली मैदानात 'लाइव्ह एड' झालं. इथिओपियाच्या दुष्काळासाठी मदत गोळा करणारा दिवसभराचा कार्यक्रम, समोर सुमारे ७२ हजार लोक, टीव्हीवर जग. प्रत्येकाला वीसेक मिनिटं. बहुतेकांनी ते धर्मादाय काम समजून घेतलं, आले आणि गायले. क्वीनने लंडनमधलं एक थिएटर घेतलं, समोर घड्याळ लावलं आणि सहा गाण्यांचे तुकडे सेकंदांच्या हिशेबाने बसवले. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास ते आले. उन्हाळ्यातली इंग्लंडची संध्याकाळ म्हणजे लख्ख ऊन. दिव्यांची करामत नाही, धूर नाही, स्वतःचा सेट नाही. पांढरी बनियान, फिकी जीन्स, दंडाला पट्टा. पब्लिक फक्त त्यांचं नव्हतं, दिवसभरातल्या सगळ्यांचं होतं. पियानोवर बसून त्याने सुरुवात केली, थोड्याच वेळात दांडा घेऊन उठला, आणि 'रेडिओ गा गा'च्या टाळ्यांना ७२ हजार लोकांचे हात एकदम वर गेले.

मग मध्ये गाणं थांबवून त्याने लोकांना सूर दिले. तो एक तुकडा गातो, लोक परत गातात. आधी सोपा, मग लांब, मग फिरतीचा, मग एक सूर छातीत श्वास संपेपर्यंत धरलेला. हे सगळे बघतात आणि 'काय दम आहे' म्हणतात. मला त्यातली हुशारी सांगायचीय. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. मैदानाच्या मागच्या टोकाचा माणूस शंभरावर मीटर लांब. म्हणजे स्टेजवरचा सूर त्याला साधारण एक तृतीयांश सेकंद उशिरा ऐकू येणार आणि त्याचं उत्तर स्टेजवर यायला तेवढाच उशीर. तालात गायला लावलं तर सगळा चिखल होतो. मोठ्या मैदानात लोकांना टाळ्या धरायला लावून स्वतःच ताल सोडणारे निवेदक मी पाहिलेत. फ्रेडीने ड्रम बंद ठेवले. तुकडा तालाशिवाय दिला आणि उत्तर शेवटच्या रांगेपासून पुढे येईपर्यंत थांबला. त्या थांबण्यात तो मुठी आवळून मान हलवतो, जणू पोरांना शाबासकी देतोय. मागच्या माणसाला वाटतं, माझा आवाज याला पोचला. खरंच पोचलेला असतो.

त्या दिवशी क्वीनचा आवाज इतरांपेक्षा मोठा होता, हेही टेलरने पुढे कबूल केलं. त्यांचा साउंडवाला ट्रिप खलाफ याने आवाजावर मर्यादा घालणारी यंत्रं गुपचूप बाजूला केली, अशी कथा आहे. मी नैतिकदृष्ट्या याचा निषेध करतो आणि एक साउंडवाला म्हणून खलाफसाहेबांना नमस्कार करतो.

गळ्याबद्दल दोन शब्द. २०१६ मध्ये ऑस्ट्रिया, झेक प्रजासत्ताक आणि स्वीडनच्या संशोधकांनी त्याच्या मुलाखती आणि ध्वनिमुद्रणं तपासली. बोलण्याचा आवाज खालच्या पट्टीतला, सेकंदाला सुमारे ११७ कंपनांचा. म्हणजे बोलणारा ढाल्या आवाजाचा आणि गाणारा चढ्या. लांब सूर धरल्यावर जी थरथर येते, ती त्याच्याकडे सेकंदाला सातच्या आसपास, बहुतेक गायकांपेक्षा जलद आणि अनियमित. त्याचा खरखरीत आवाज कसा निघत असेल हे बघायला त्यांनी एका दुसऱ्या रॉक गायकाकडून नक्कल करून घेतली आणि त्याच्या घशात कॅमेरा घातला. स्वरतंतूंसोबत त्यांच्या वरच्या घड्याही हलत होत्या. ही करामत मध्य आशियातल्या कंठगायनातही सापडते. चार सप्तकांचा गळा ही दंतकथा मात्र त्यांना सिद्ध करता आली नाही. दातांचं म्हणाल तर जबड्यात चार दात जादा होते, त्यांनी पुढचे दात ढकलले होते. पैसा आल्यावरही त्याने ते दुरुस्त केले नाहीत. आवाज बदलेल ही भीती. १९७५ च्या अमेरिका दौऱ्यात स्वरतंतूंवर गाठी आल्या आणि कार्यक्रम रद्द करावे लागले. त्या गाठी त्याला पुढेही छळत राहिल्या. म्हणून स्टेजवर तो पुष्कळदा चढे सूर टाळून चाल खालून न्यायचा आणि वरचा सूर टेलर लावायचा. पब्लिकला पत्ता लागायचा नाही. रोज गाणाऱ्याने गळा कसा राखावा याचा हा धडा आहे.

स्टेजवरून उतरला की हा माणूस लाजाळू होता. मुलाखती टाळायचा, अनोळखी लोकांत हसताना ओठांनी दात झाकायचा. मेरी ऑस्टिनबरोबर त्याने तरुणपणाची वर्षं काढली. आपल्याला पुरुषांचं आकर्षण आहे हे त्याने तिला सांगितल्यावर ते नातं मैत्रीत बदललं आणि शेवटपर्यंत टिकलं. केन्सिंग्टनचं घर तो तिच्याच नावावर करून गेला. १९८५ पासून जिम हटन नावाचा आयरिश केशकर्तनकार त्याचा जोडीदार होता. घरात मांजरांचा सुकाळ.

हटनच्या आठवणींनुसार एड्सचं निदान १९८७ मध्ये झालं. त्याच्यावरच्या २०१८ च्या सिनेमात ते 'लाइव्ह एड'च्या आधी दाखवलंय, नाटकाच्या सोयीसाठी. रामी मालेकला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, कामही चांगलं केलंय, पण इतिहास म्हणून तो सिनेमा बघू नका. क्वीनबरोबर त्याचा शेवटचा कार्यक्रम ९ ऑगस्ट १९८६ ला नेबवर्थला झाला. त्यानंतर उरलं स्टुडिओचं काम. स्वित्झर्लंडमधल्या मोन्त्रोला तळ्याकाठी क्वीनचा स्वतःचा स्टुडिओ होता. बाहेर लंडनची वर्तमानपत्रं त्याचे खंगलेले फोटो छापायला टपलेली, आत हा उभं राहवत नसताना गातोय. 'द शो मस्ट गो ऑन' हे मुख्यतः मेने लिहिलेलं गाणं इतकं चढं होतं की त्याला वाटलं, याला आता झेपणार नाही. फ्रेडीने व्होडकाचा घोट घेतला आणि गाऊन टाकलं. १९९१ च्या मे महिन्यात 'मदर लव्ह'ची कडवी गायला, शेवटचं कडवं नंतर करतो म्हणाला. ते राहिलं. अल्बममध्ये तिथे मेचा आवाज आहे.

आपल्याला एड्स आहे हे त्याने २३ नोव्हेंबर १९९१ ला निवेदन काढून जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. वय ४५. इतका उशीर का केला, लवकर बोलला असता तर कितीतरी रुग्णांना धीर आला असता, अशी टीका झाली. टीका अगदीच चुकीची नाही. पण १९८७ मध्ये ते बोलणाऱ्याचं काय झालं असतं, हे टीका करणाऱ्यांनी त्याच वर्षाची वर्तमानपत्रं काढून वाचावं. अंत्यसंस्कार झरतुष्ट्री पद्धतीने, पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांनी झाले. रक्षा कुठे आहे ते मेरी ऑस्टिनखेरीज कुणाला ठाऊक नाही. एप्रिल १९९२ मध्ये वेम्बलीतच त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला आणि त्या पैशातून एड्सविरोधी काम करणारा मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला. तो आजही चालू आहे.

२०२३ मध्ये मेरी ऑस्टिनने घरातल्या वस्तूंचा लिलाव केला. ज्या पियानोवर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' बांधलं तो १७ लाख पौंडांवर गेला आणि मिशीचा एक चिमुकला चांदीचा कंगवा दीड लाख पौंडांवर. कंगव्याच्या किमतीवर मी काही बोलत नाही.

ज्यांनी त्याला कधी ऐकलंच नाही त्यांनी सिनेमापासून सुरुवात करू नये. आधी 'अ नाइट अॅट दी ऑपेरा' हा १९७५ चा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐका. मग 'लाइव्ह एड'ची ती वीस मिनिटं बघा, आणि दुसऱ्यांदा बघताना त्याच्याकडे न बघता मागच्या रांगांकडे बघा. शेवटी 'मदर लव्ह'. तरुण गायकांना तर मी हा क्रम सक्तीचाच करीन. फक्त हे सगळं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. हेडफोन लावा, नाहीतर घरातला जुना डेक पुसून काढा. त्या चिमटीएवढ्या स्पीकरमधून डीकनचा बेस अजिबात ऐकू येत नाही.